टोटल पुस्तकं किती, हे विचारणं जरा थांबवा: शाळेच्या ग्रंथालय खरेदी समितीला खुलं पत्र

मुख्याध्यापक सर/मॅडम, संस्थेचे पदाधिकारी, आणि खरेदीच्या कागदावर ज्यांची ज्यांची सही लागते ते समितीतले सगळे,

नमस्कार. मी शाळेच्या लायब्ररीत काम करते. शाळा कुठली ते सांगत नाही, कारण जे लिहितेय ते एका शाळेचं नाहीच, ओळखीच्या ग्रंथपालांशी बोलणं होतं तेव्हा थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच ऐकू येतं. आणि हे मीटिंगमध्ये बोलता येत नाही असं पण नाही, पण मीटिंगमध्ये लायब्ररीचा विषय शेवटून दुसरा असतो आणि तोवर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलेलं असतं, म्हणून लिहून टाकते.

तपासणीला कुणी आलं, शाळेचं माहितीपत्रक छापायचं ठरलं, की लायब्ररीला एकच प्रश्न येतो, टोटल पुस्तकं किती? मग दाखल रजिस्टर उघडायचं, शेवटचा नंबर बघायचा आणि सांगून मोकळं व्हायचं. आता हा नंबर म्हणजे नक्की काय, तर लायब्ररी सुरू झाल्यापासून जेवढी पुस्तकं दारातून आत आली त्यांची मोजणी. त्यातली किती हरवली, किती वाळवीने खाल्ली, किती म्हणजे जुन्या सिलॅबसच्या एकाच गाइडच्या ढीगभर कॉप्या आहेत, किती पुस्तकांना आल्यापासून एकाही मुलाने हात लावलेला नाही, यातलं काहीच त्या नंबरात दिसत नाही. तरी नंबर मोठा असला की सगळे खूश.

यावर कुणीतरी म्हणतंच की अहो आंतरराष्ट्रीय नियमच आहे, दर विद्यार्थी १० पुस्तकं हवीत. हो, इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि युनेस्कोच्या २००२ च्या शालेय ग्रंथालय मार्गदर्शक तत्त्वांत हा आकडा आहे, छोट्यातल्या छोट्या शाळेतही किमान २,५०० असाही आहे. पण पुढचं वाचत कोणी नाही! तिथे २,५०० कसलीही पुस्तकं असं लिहिलेलं नाही, उपयोगाची आणि अद्ययावत अशी २,५०० असं आहे, आणि ती सगळ्या वयाच्या, सगळ्या कुवतीच्या, वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना पुरतील अशी हवीत. त्याच ठिकाणी अजून एक गोष्ट आहे, किमान ६०% साठा अभ्यासक्रमाशी संबंधित माहितीपर असावा. हे वाक्य दाखवून कॉमिक्सची यादी परत पाठवलेली मी पाहिली आहे. पण त्यालाच लागून हेही म्हटलंय की करमणुकीसाठी लोकप्रिय कादंबऱ्या, मासिकं, अगदी कॉम्प्युटर गेम्ससुद्धा घ्यावेत आणि ते निवडताना मुलांना सोबत घ्यावं. म्हणजे सोयीचं तेवढं वाचायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं, असं चाललंय.

ग्रंथसंग्रह विकास हे नाव ऐकायला जड वाटतं पण आत काय आहे, तर मुलांना आणि शिक्षकांना काय लागतं ते बघणं, त्याप्रमाणे निवडणं, मागवणं, नोंदवणं, वापर होतोय का ते तपासणं, निकामी झालेलं काढणं, आणि काढल्यावर जी जागा झाली तिथे काय हवं ते परत बघणं. हे वर्षभर चालणारं काम आहे. बहुतेक शाळांत यातलं फक्त मागवणं तेवढं होतं आणि तेही वर्षातून एकदा.

कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. आर्थिक वर्ष संपत आलं की कुणाला तरी आठवतं की लायब्ररीच्या हेडखाली पैसे पडून आहेत, खर्च केले नाहीत तर लॅप्स होतील. मग चार दिवसांत यादी द्या, तीन कोटेशन मागवा, ज्याचं डिस्काउंट जास्त त्याला ऑर्डर. आता पुस्तक विकणारा धर्मादाय संस्था चालवत नाही, भरघोस डिस्काउंट तो त्याच मालावर देतो जो त्याच्याकडे पडून आहे, हे साधं गणित आहे. खोकं उघडलं की कळतं, आम्ही दिलेल्या यादीतली निम्मी नावं 'उपलब्ध नाही' म्हणून कापलेली आणि तेवढ्याच रकमेची दुसरी टाकलेली. जाड चकचकीत कागद, वर सोनेरी अक्षरं, बारा खंडांचा सेट, प्रत्येक पानावर तेच ते चित्र आणि खाली दोन ओळी मजकूर. बिल आणि खोकं जुळतंय ना, मग सही करा, वर्ष संपतंय. असा सेट कपाटात फार शोभून दिसतो, फोटोत तर फारच, आणि मुलं तो घेत नाहीत, कारण बारा खंडांपैकी कुठल्या खंडात काय आहे ते सांगणारी सूचीच त्यात नसते.

माझी मागणी एवढीच आहे की वर्षाची रक्कम एकदम नको, किमान तीन टप्प्यांत खर्च करू द्या, आणि थोडा भाग राखीव ठेवा, मध्येच एखादी मागणी आली तर घेता यावा असा. एखाद्या वर्गात ज्वालामुखीवरचा प्रोजेक्ट दिला जातो आणि त्या आठवड्यात तीस मुलं येऊन ज्वालामुखीचं पुस्तक मागतात, लायब्ररीत असतं एक. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरीत ज्वालामुखीची चार पुस्तकं येतात, तोवर तो प्रोजेक्ट बंद झालेला असतो. शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीला एक कागद दिला, या सत्रात मी हे हे विषय घेणार आहे असा, तर यातलं अर्धं दुखणं पैसे न वाढवता जाईल. हे मी ज्या शिक्षकांना सांगून सांगून थकले ते समितीतही आहेत, म्हणून इथे परत लिहितेय, राग मानू नका.

निवड म्हणजे कॅटलॉगमधल्या नावांवर टिक करणं, असा एक समज आहे. प्रत्यक्ष पुस्तक हातात आलं की मी आधी बघते ती कव्हरच्या आतली छापील माहिती. छापल्याचं वर्ष ताजं असतं, पण नीट वाचलं की कळतं हे पुनर्मुद्रण आहे, मजकूर वीस वर्षांपूर्वीचा, त्याला नवी आवृत्ती म्हणता येत नाही. गोष्टीच्या पुस्तकाला त्याने काही बिघडत नाही, विज्ञानाच्या पुस्तकाला बिघडतं. मग बांधणी, शिलाई आहे की नुसता गोंद, कारण नुसत्या गोंदाचं पुस्तक चार-पाच मुलांच्या हातांतून गेलं की पानं सुटी होतात. टाइप केवढा आहे, ओळींमध्ये जागा आहे का, माहितीचं पुस्तक असेल तर अनुक्रमणिका आणि सूची आहे का. आणि मग सगळ्यात अवघड प्रश्न, हे नक्की कोण वाचणार? वरच्या वर्गातला एक मुलगा असतो ज्याला वाचायला जड जातं, त्याला सोपी वाक्यं हवीत पण विषय त्याच्या वयाचा हवा, त्याला ससा-कासवाचं बालवाडीछाप पुस्तक दिलं तर तो ते मित्रांसमोर हातात धरणार नाही आणि परत लायब्ररीत येणारही नाही. अशी पुस्तकं मुद्दाम शोधावी लागतात. ज्यांना दिसायला त्रास आहे त्यांच्यासाठी मोठ्या टाइपची पुस्तकं आणि ऑडिओ शोधावं लागतं. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेतलं काहीतरी शोधावं लागतं. कोटेशनच्या तक्त्यात यातल्या कशालाच कॉलम नसतो.

मालिकांचं तर विचारूच नका. पहिला भाग आला, मुलांनी फाडून टाकेपर्यंत वाचला, दुसरा आला, तिसरा समितीने 'याच लेखकाची पुस्तकं आधीच आहेत' म्हणून कापला, चौथा कुणीतरी भेट दिला. आता तिसऱ्या भागाविना चौथा कोण वाचेल? काउंटरवर मी मागणीची वही ठेवली आहे, त्यात मुलं स्वतः लिहितात, वेड्यावाकड्या अक्षरात, कधी फक्त 'ते सापाचं पुस्तक' एवढंच. ती वही कुठल्याही प्रकाशकाच्या कॅटलॉगपेक्षा जास्त उपयोगी आहे, पण मीटिंगमध्ये ती नेली की सगळे हसतात.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वाद होतो त्यावर येते, पुस्तकं काढून टाकणं. वीडिंग, निर्लेखन, बाद करणं, काय म्हणायचं ते म्हणा. पुस्तक काढायचं म्हटलं की समितीतल्या प्रत्येकाला एकदम विद्येची देवता आठवते. मान्य, भावना समजते. पण भूगोलाच्या शेल्फजवळ माझ्याबरोबर दहा मिनिटं उभे राहा. हा अ‍ॅटलास बघा, यात सुदान एकच देश आहे, दक्षिण सुदान २०११ मध्ये वेगळा झाला. शेजारच्या पुस्तकात नऊ ग्रह आहेत, प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं २००६ मध्ये. त्याच्या बाजूला कॉम्प्युटर शिका, पहिला धडा फ्लॉपी कशी घालायची. ही पुस्तकं मुलगी घरी नेते, त्यातलं उतरवून काढते, आणि पेपरात ते चूक दिलं जातं. चूक कुणाची? तिने तर लायब्ररीच्या पुस्तकावर विश्वास ठेवला.

यासाठी पद्धत आहे, मनाला येईल तसं कुणी काढत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९७६ साली जोसेफ सेगल यांनी छोट्या लायब्रऱ्यांसाठी क्रू नावाची पद्धत मांडली, ती पुढे सुधारत गेली आणि आजही जगभर वापरतात. त्यात प्रत्येक विषयाला दोन आकडे असतात, पुस्तक छापून किती वर्षं झाली आणि शेवटचं नेल्याला किती वर्षं झाली, आणि त्यावर सहा कसोट्या: माहिती दिशाभूल करणारी आहे का, पुस्तक दुरुस्तीपलीकडे फाटलं-मळलं आहे का, याची नवी किंवा याहून चांगली आवृत्ती आली आहे का, पुस्तक पोकळ आहे का, तुमच्या वाचकांना गैरलागू आहे का, आणि हेच दुसरीकडून सहज मिळतं का. विषयाप्रमाणे आकडे बदलतात, कॉम्प्युटरचं पुस्तक तीन वर्षांत म्हातारं होतं, कवितेचं होत नाही. म्हणून 'दहा वर्षांपूर्वीची सगळी काढा' असा सरसकट हुकूमही नको, तो तर अजून वाईट. शाळेचे जुने अंक, गावाचा, परिसराचा इतिहास सांगणारी दुर्मिळ पुस्तकं ही कोणी नेवो न नेवो ठेवायची असतात. आणि एखादं चांगलं पुस्तक नेलं जात नसेल तर आधी ते खालच्या रॅकमधून काढून मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवून बघायचं, कव्हर फाटलं असेल तर बदलायचं, वर्गात त्यातलं एक पान वाचून दाखवायचं, आणि मग ठरवायचं.

काढल्यावर रजिस्टरमध्ये शेरा, बाद पुस्तकांची वेगळी यादी, समितीची सही, शिक्का रद्द केल्याची खूण, हे सगळं रीतसर करायला मी तयारच आहे. अडतं ते सहीवर. यादी फाइलमध्ये जाते आणि तिथेच राहते, कारण बाद केलं की टोटल कमी होते आणि टोटल कमी झालेली कुणाला चालत नाही.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या लायब्ररीचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, आमच्या क्षेत्रात तो सगळ्यांना माहीत असतो. १९६९ साली विकत घेतलेली जवळजवळ ४०% पुस्तकं १९७५ संपेपर्यंत एकदाही कुणी घरी नेली नव्हती. ती विद्यापीठाची लायब्ररी, तिथे संशोधनासाठी काही पुस्तकं वाट बघत थांबली तरी एक वेळ चालेल. शाळेत मूल चौथीतून पाचवीत जातं आणि चौथीचं पुस्तक त्याच्यासाठी संपलेलं असतं.

म्हणून म्हणते, टोटल विचारण्याऐवजी उलाढाल विचारा. हिशोब अगदी सोपा आहे. समजा गोष्टींच्या शेल्फवर ३०० पुस्तकं आहेत आणि वर्षात ती ९०० वेळा बाहेर गेली, म्हणजे एक पुस्तक सरासरी तीनदा गेलं. सामान्य ज्ञानाची ४०० आहेत आणि गेली ४० वेळा. आता पुढची खरेदी कुठे करायची हे सांगायला ग्रंथपालच हवा असं नाही. तरी थोडं थांबून बघायचं, सामान्य ज्ञानाची का जात नाहीत, जुनी आहेत, की कुलूप लावलेल्या कपाटात आहेत? लायब्ररीचं सॉफ्टवेअर असेल तर हा रिपोर्ट एका क्लिकवर येतो, कोहासारखं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. नसेल तर पुस्तकाच्या मागे चिकटवलेली तारखेची चिठ्ठी आहेच, तिच्यावर शेवटचा शिक्का कधीचा ते बघायचं, एक शेल्फ एका तासात होतं.

कुलुपाचा विषय निघालाच आहे तर. आपल्याकडचे मोठे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. तो समजावताना त्यांनी जुन्या काळी युरोपात पुस्तकं साखळीने बांधून ठेवायचे त्याची आठवण दिली आहे. आता साखळ्या गेल्या, कुलपं आली. का आली, तर साठा पडताळणीत एक पुस्तक कमी भरलं की जबाबदार कोण, ग्रंथपाल. मग ग्रंथपाल शहाणपणाने काय करेल? पुस्तकं देणारच नाही. ज्या लायब्ररीतलं एकही पुस्तक हरवत नाही तिथे मुलं येत नाहीत असं खुशाल समजा. मुलांची लायब्ररी आहे, काही हरवणार, काही पावसात भिजणार, एखादं कुत्रा चावणार. थोडी घट गृहीत धरा, तशी लेखी द्या, आणि मग बघा कपाटं कशी उघडतात ते.

देणगीचं थोडक्यात सांगते, कारण यात दुखावणारे फार. घर आवरताना निघालेली पोतंभर पुस्तकं आदराने लायब्ररीत येतात, त्यात जुनी डायजेस्ट, कुणाच्या तरी बीकॉमच्या नोट्स, अर्धवट सोडवलेली वर्कबुक. नाही म्हणता येत नाही कारण देणारे शाळेचे हितचिंतक. यावर उपाय एक ओळीचा आहे, 'भेट आलेल्या पुस्तकांतलं काय ठेवायचं आणि बाकीचं काय करायचं ते ग्रंथालय ठरवेल' असं लिहून दारावर लावा. नाही म्हणायचं काम मग कागद करतो, माणसाला करावं लागत नाही.

आणि हाच कागद, म्हणजे लेखी संग्रह धोरण, अजून एका प्रसंगी कामाला येतो. पालक येतात, हे पुस्तक माझ्या मुलाला का दिलं, काढून टाका. अशा वेळी सर, बऱ्याचदा पुस्तक त्याच दुपारी गायब होतं, कोणी वाचूनही बघत नाही. धोरण असेल तर पालकांना एक फॉर्म देता येतो, पुस्तक पूर्ण वाचलं का, कुठल्या पानावर काय खटकलं, मग दोन-तीन जणांनी ते वाचायचं आणि निर्णय लेखी कळवायचा, तोवर पुस्तक शेल्फवर. कधी पालकांचं बरोबरही असतं, पुस्तक खरंच मोठ्या वर्गासाठी असतं आणि ते वरच्या शेल्फला हलवायचं असतं. पण ते वाचून ठरायला हवं, आवाज कोणाचा मोठा यावर नको.

शेवटी ई-पुस्तकं, कारण मागच्या वेळी कोणीतरी म्हणालंच की आता सगळं डिजिटल घ्या, जागाही वाचेल. घेऊया ना, माझी ना नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की कागदी पुस्तक विकत घेतलं की आपलं होतं, ई-पुस्तकाचं बऱ्याचदा लायसन्स, म्हणजे फक्त वापरायची परवानगी मिळतं. हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशकाने २०११ मध्ये लायब्रऱ्यांसाठी नियमच केला की एक ई-पुस्तक २६ वेळा दिलं की परत विकत घ्यायचं. कुठे वेळा मोजतात, कुठे वर्षं. तेव्हा सही करण्याआधी लायसन्स किती दिवसांचं, एकावेळी किती मुलं वाचू शकतात, घरी इंटरनेट नसलेल्या मुलाने काय करायचं, आणि वर्गणी बंद केली तर हातात काय उरतं, एवढे चार प्रश्न विचारा.

तर पुढच्या मीटिंगसाठी माझी विनंती अशी. धोरणाचा मसुदा मी लिहून देते, दोन पानांत बसतो: लायब्ररी कोणासाठी, काय घ्यायचं आणि काय नाही, निवड कोण करणार, देणगी, तक्रार, बाद करणं, आणि दर किती वर्षांनी हे धोरण परत बघायचं. समितीत वरच्या वर्गातली दोन मुलं घ्या, मताच्या अधिकारासकट, नुसतं शोभेला नाही. फाइलमध्ये अडकलेल्या बाद यादीवर सह्या करा. आणि विषय शेवटून दुसरा न ठेवता पहिला ठेवा, मीटिंगही ऑफिसात न घेता लायब्ररीतच घ्या, मधल्या सुट्टीच्या वेळी घेतली तर अजून बरं, मुलं कुठल्या शेल्फकडे जातात ते तुम्हाला बसल्या जागी दिसेल. खुर्च्या कमी आहेत, तेवढ्या ऑफिसातून आणाव्या लागतील.

आपली,
एक शालेय ग्रंथपाल